रिकाम्या खोलीतली टकटक

ही वही कोणी उघडलीच, तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि माझं वाकडं अक्षर पोटात घाला. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण माझ्या धाकट्या नणंदेबद्दल, कुसुमवन्संबद्दल, लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सौसर गावच्या आमच्या घरी सासरे ओरडू लागले की सगळे कोपरे धरायचे. वन्सं तिथंच उभ्या राहून म्हणायच्या, "बाबा, तुमचं झालं की सांगा. मंग माझं ऐका." त्या नागपूरला विज्ञान शिकल्या आणि तिथल्याच एका दवाखान्यात किरण मोजायच्या यंत्रावर लागल्या.

माझे यजमान पांढुर्ण्याच्या कापूस बाजारात लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज जाम नदीपलीकडे सावरगावला जातो, अशी लोक थट्टा करत. त्यांचेच शब्द अडकू लागले. डोक्यात गाठ निघाली, बोलण्याच्या जागेला चिकटून. नुकतंच नागपूर मुंबई राज्यात गेलं होतं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो होतो. वन्संच्याच दवाखान्याच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, "तुम्ही आता परराज्यातले. जबलपूरले जा."

"गाठ काय राज्य पाहून वाढून राहिली?" वन्सं म्हणाल्या. "लिहा नाव." त्यानं लिहिलं.

मोठ्या डॉक्टरांनी समजावलं, जास्त कापलं तर वाचा जाईल, कमी कापलं तर गाठ पुन्हा वाढेल. म्हणून आदल्या दिवशी किरण सोडणारं औषध टोचायचं. ते गाठीत जास्त साठतं. यंत्राची बारीक नळी गाठीवर धरली की टकटक वाढते, चांगल्या मेंदूवर मंदावते.

पण ऑपरेशनच्या रिकाम्या खोलीत वन्संनी यंत्र लावलं, तर टकटक चालूच! अशानं गाठीची कड कशी कळणार? त्यांनी नळीभोवती शिशाचा पत्रा गुंडाळला. शेजारच्या खोलीतली, तसेच किरण सोडणाऱ्या रेडियमची पेटी आवाराच्या टोकाला पाठवली. टकटक कमी झाली, पण उरलीच. मग नळी घेऊन त्या भिंतीभिंतीनं फिरल्या. मी दारात उभी होते. भिंतीवरच्या घड्याळापाशी यंत्र तडतडलं.

अंधारात चमकणारं मोठं घड्याळ होतं ते, खाली देणगीदार शेठजींचं नाव.

"आकड्यांना रेडियमचा रंग आहे. उतरवा."

व्यवस्थापक धावत आले. "बाई, शेठजी काय म्हणतील?"

"वेळ विचारतील. दुसऱ्या घड्याळात पाहून सांगा."

कोणी हात लावेना. वन्सं स्टुलावर चढल्या, घड्याळ काढलं आणि बाहेर कडुनिंबाखाली नेऊन ठेवलं.

पुढं ऑपरेशनात काय झालं, ते मला डॉक्टरांनीच सांगितलं. त्यांना वाटलं, गाठ पूर्ण निघाली. वन्सं म्हणाल्या, "एका कोपऱ्यात अजून आहे, साहेब."

"खोलीचाच आवाज असेल."

"खोली आता गप्प आहे. हे आतलं आहे."

डॉक्टरांनी तेवढा कण काढला. दुसऱ्या बाजूला टकटक नव्हती, तिथं सुरी लावली नाही.

यजमान शुद्धीवर आले, तोवर व्यवस्थापकांनी वन्संना सांगितलं होतं, शेठजींची लेखी माफी मागा, नाहीतर नोकरी सोडा. वन्संनी ट्रंक भरली.

परतीच्या गाडीत डोक्याला पट्टी बांधलेले यजमान तुटक तुटक म्हणाले, "कुसुम... माफी लिहून देती... तं काय... बिघडलं असतं?"

वन्सं मोठ्यानं हसल्या. "पाहा वहिनी, तोंड उघडलं तं पहिले मलेच शिकवून राहिला!" मग डोळे पुसून म्हणाल्या, "माफी नाही लिहून देणार, दादा."

मागच्या वर्षी वन्सं वारल्या. दवाखान्याला ती माफी अजून मिळालेली नाही.