बाबांच्या रागाच्या पत्त्यावर: बोरिवली ते मुलुंड

ज्या माणसाने आयुष्यात एकाच फ्रेंच माणसाशी हात मिळवला, आणि तोही त्याला बरा वाटला, त्याच्या रागाला फ्रान्सद्वेष म्हणावं का? मला अजून सांगता येत नाही. हा प्रश्न पडला मागच्या रविवारी, बाबांना घेऊन मुलुंडला गेले तेव्हा.

मी एका ऑनलाइन मराठी शब्दकोशासाठी हौसेने नोंदी लिहिते. माझ्या वाट्याला 'फ्रान्सद्वेष' आला. अर्थ सोपा होता: फ्रान्स, तिथली माणसं, भाषा, चालीरीती यांच्याविषयीचा तिटकारा. पण सोबत वापराचं एक वाक्य हवं होतं, आणि पुस्तकाबाहेर हा शब्द कोण वापरतं? मग लक्षात आलं, उदाहरण तर घरातच आहे. बाबांना फुटबॉल कळत नाही, तरी वर्ल्डकपमध्ये ते एवढंच विचारतात, "फ्रान्स हरली काय?" त्यांचा मुलुंडचा कारखाना एका फ्रेंच कंपनीने घेतला आणि बंद केला, तेव्हापासूनचा हा राग. मी तेव्हा बालवाडीत होते.

"कारखान्याची जागा दाखवा ना," म्हटल्यावर बाबा म्हणाले, "काय आसा थंय बघूक?" पण शर्ट इस्त्रीचा घातला.

जाणाऱ्यांसाठी: बोरिवली पूर्वेच्या राष्ट्रीय उद्यान स्टेशनवरून मेट्रो घ्या, गुंदवलीला उतरून पुलावरून दुसऱ्या मेट्रोत बसा, थेट घाटकोपर. रविवारी सकाळी बसायला जागाही मिळते. घाटकोपरची खाऊगल्ली संध्याकाळची, म्हणून आम्ही स्टेशनजवळच्या उडप्याकडे डोसा खाल्ला. चटणी झकास होती.

"फ्रेंच माणसं कशी होती हो?" मी विचारलं.

"मी खंय बघितलंय? एक साहेब आलेला. हात मिळवून गेला. बरो होतो." बाबांनी सांबार आणखी मागवलं.

मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते: 'कारखाना बंद पडल्यापासून त्यांच्या मनात फ्रान्सद्वेष घर करून होता.'

पुढे रिक्षा. रस्ता खोदलेला आहे, हातात वेळ ठेवा आणि तोंडाला रुमाल. मुलुंडला पोचलो तर कारखान्याच्या जागी उंच टॉवर. वॉचमनने विचारलं, "फ्लॅट देखने आये हैं?"

"नाय रे," बाबा म्हणाले, "हजेरीचं पंचिंग करायला आलोय."

वॉचमनला विनोद कळला नाही. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. बाबा गेटकडे बघत होते.

"इथेच सभा झाली. कारखाना बंद करायच्या करारावर सही तुझ्या मामाने केली. आम्हाला न विचारता."

मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ, कारखान्यातल्या युनियनचा सेक्रेटरी. गेल्या वर्षी गेला. पार्ल्याच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला मला तोच घेऊन गेला होता. घरातली पहिली पदवीधर म्हणून सगळ्या चाळीत पेढे वाटले तेही त्यानेच. दर गणपतीत आमच्याकडे जेवायला असायचा. "फ्रेंचांनी वाट लावली," असं बाबा म्हणाले की तो खाली मान घालून भात कालवत राहायचा. मला वाटायचं, त्यालाही पटतंय.

"मग राग फ्रेंचांवर का?"

"कोणावर तरी धरायचा होता ना. त्याच्यावर धरला असता तर तुझ्या आईचं माहेर तुटलं असतं. फ्रान्स लांब आहे. त्यांचं काय जातंय?"

"आईला माहीत आहे?"

"'फ्रेंचांनी फसवलं' असं पहिलं तीच म्हणाली."

"मामाशी कधी बोललात?"

बाबांनी ग्लास खाली ठेवला. "राहिलं ते, गो."

परतीच्या मेट्रोत मी हिशोब करत होते. गणपतीच्या इतक्या पंगतींत बाबा आणि मामा शेजारी बसले. मध्ये एक अख्खा देश ठेवून का होईना, नातं टिकलं. पण मामाला एकदा तरी कोणी थेट विचारायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं. तो नुसता मान खाली घालून का बसायचा, हे आता कोण सांगणार?

घरी आईने दार उघडलं. "काय, भेटला का फ्रेंच?"

"नाय," बाबा चपला काढत म्हणाले. "तुझा भाऊ भेटला."

आईने चहा टाकला, साखर जरा जास्तच.

हे सगळं आई-बाबांना विचारूनच लिहिते आहे. शब्दकोशाची नोंद काल पाठवली. त्यात अर्थ आहे. वापराचं माझं वाक्य मी काढून टाकलं.