दादाला वाचून दाखवलेले हक्क

हॉस्पिटलच्या लॉबीत मी आवाज चढवला तेव्हा, खरं सांगायचं तर, मला मजा येत होती. सोसायटीच्या गणेशोत्सवात वर्षानुवर्षं माईक न सोडणारा माणूस मी. समोर बाकांवर चार डोकी दिसली की माझा घसा आपोआप खुलतो.

आणि निमित्तही झकास मिळालं होतं. थोरल्या भावाला, माझ्या दादाला, ॲडमिट करताना काउंटरवरच्या मुलीने एक कागद पुढे सरकवला. 'रुग्णाचे हक्क मला समजावून सांगण्यात आले आहेत.' खाली सहीची जागा.

"कुणी समजावले?"

"सर, बोर्ड लावलाय ना."

बोर्ड होता. घडी घालून ठेवलेल्या व्हीलचेअरच्या मागे, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. मी एकेक व्हीलचेअर बाजूला ओढली आणि बाकांकडे वळून हात पसरले. "या मंडळी, आपल्या हक्कांचं मुखदर्शन घ्या! रांगेत या, ढकलाढकली नको!" लोक हसले. एक आजोबा तर खरंच चष्मा पुसत उठले. मॅनेजर धावत आला. त्याने मराठी प्रत छापून आणली आणि हळूच म्हणाला, "काका, तुम्हीच वाचून दाखवा ना पेशंटला. सही तेवढी घ्या. उद्या इन्स्पेक्शन हाय."

कागद फडकवत मी वॉर्डात शिरलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दादाला कावीळ झाली होती. ती खोटी नव्हती, डोळे हळदीसारखे पिवळे होते. पण ती कशामुळे झाली ते डॉक्टरांनी काही आठवडे आधीच, फक्त मला आणि वहिनीला केबिनमध्ये सांगितलं होतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पार पसरलेला. बाहेर येताच वहिनीने माझा हात घट्ट धरला. "भावजी, त्यांना कावीळच सांगायची. शपथ आहे."

मग तिने ती कावीळ अशी काही वठवली की मी थक्क झालो. मुगाचं वरण, मऊ भात, उसाचा रस. दादाच्या सानपाड्याच्या घरात तेलाची बरणी जणू हद्दपार झाली. महाप्याच्या कंपनीत जन्मभर डब्यात तळलेले बोंबील नेलेला माणूस रोज गयावया करायचा, आणि रोज वहिनी डोळे वटारायची, "आधी कावीळ उतरू दे. मग खा हवे तेवढे."

तर मी पलंगापाशी उभा राहिलो आणि घसा साफ केला. "अखिल रुग्णजनहो!"

"आला नाटक्या," दादा म्हणाला. पण उशी सरकवून सावरून बसला. शेजारच्या पलंगावरच्या काकांनी मोबाइलचा आवाज बंद केला. सगळा वॉर्ड माझा होता. त्याच तोऱ्यात, खर्जातल्या आवाजात, मी पहिला हक्क वाचला. "आपल्याला कोणता आजार आहे, तो कशामुळे झाला आणि त्यातून काय संभवते, हे समजेल अशा भाषेत जाणून घेण्याचा आपल्याला हक्क आहे."

वाक्य अर्ध्यावर आलं तेव्हाच मी काय वाचतोय ते माझ्या ध्यानात आलं. पण आवाज थांबला नाही. टाळीच्या जागेपर्यंत वाक्य न्यायची सवय.

पलंगाशेजारी बसून त्याला वरण-भात भरवणाऱ्या वहिनीच्या हातातला चमचा वाटीतच राहिला.

"हे परत वाच," दादा म्हणाला.

मी वाचलं. या वेळी साध्या आवाजात.

"मग? मला कावीळच आहे ना?"

"हो रे. कावीळच. दुसरं काय असणार?" मी हसलोसुद्धा. इतकं वाईट काम मी कुठल्याच स्टेजवर केलं नव्हतं.

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो वहिनीकडे बघत होता. तिलाच म्हणाला, "उद्या बोंबील आण. तळलेले. कुरकुरीत."

तिने डोळे वटारायला हवे होते. आधी कावीळ उतरू दे, म्हणायला हवं होतं. मी मनातल्या मनात तिला ते वाक्य पुरवत होतो.

"आणते," वहिनी म्हणाली.

दादाने मान हलवली. माझ्या खिशातला पेन स्वतःच काढून घेतला, कागद मांडीवर ठेवून सावकाश सही केली आणि माझ्या हातात दिला.

"जा, देऊन ये त्यांना. समजावून सांगितलंय म्हणावं."