सोनाळ्याचे सात मुडदे

हा किस्सा माझ्याच तोंडून ऐका, म्हणजे थोडी तरी अब्रू शिल्लक राहील. सोनाळ्याचं कुणी भेटलं तर ते सांगणारच आहे, आणि सांगताना माझ्या चालण्याची नक्कलही करतं म्हणे. तेव्हा चहा घ्या, बसा, आणि हसायचं ते शेवटी एकदाच हसा. मधेमधे हसलात तर मी उठून जाईन!

तीस वर्षं बातमीदारी केली मी. बी.ए. झालेला माणूस. भल्याभल्या साहेबांना भर बैठकीत उभं राहून प्रश्न विचारलेत. आजकालची पोरं मोबाइलवर आलेला मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलतात आणि स्वतःला पत्रकार म्हणवतात. माझा नियम एकच, दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही.

त्या दिवशीही माझी दोन ठिकाणांहून खात्री झाली होती. एक उजवा कान आणि दुसरा डावा कान.

झालं असं. सोनाळ्यात कुणीतरी हातपंपाचा दांडा चोरून नेला, त्याची बातमी करायला मला पाठवलं. मला! हातपंपाच्या दांड्यासाठी! मी रागारागात एस.टी. स्टँडजवळच्या हॉटेलात भजी खात बसलो होतो. पाठीमागच्या बाकावर एक माणूस फोनवर बोलत होता. चाळिशीचा, चष्मा, शांत चेहरा.

“हाव शालू, बोल. भिजलं का चामडं? मंग गुंडाळ ना त्या मुडद्याले.”

माझं भजं तोंडात तसंच राहिलं.

“मानेपाशी जोरात आवळजो. तिथं सैल राह्यलं का सारं बिघडते. कितीक झाले? सहा वाळले? बेस झालं. अन् तो लांब्या? बसून नाही राह्यला? मंग राहू दे, मी आलो का पोटाकून तासतो त्याले थोडासा.”

पोटाकडून तासतो! तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं?

“अन् हे पाह्य, शिकारीचा माल हाये. सातही उद्या सकाळच्या गाडीनं गेले पाह्यजेत. कोनी आलं तर हात नोको लावू देऊ.”

“मेन घेऊन येतोच,” म्हणत फोन खिशात टाकून तो बाजाराकडे निघून गेला. मेण! आता मेण कशाला लागतं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पण माझं डोकं आधीच पहिल्या पानावर जाऊन बसलं होतं.

हॉटेलवाल्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, “कोन हो हा?”

“तो? सुधाकर. शाळेमागं राह्यते. पह्यले संभाजीनगरले गाड्यायच्या शिटा शिवे. आता नवरा-बायको घरातच चामड्याचं कायतरी करतात. लांब लांब पाठोतात म्हने.”

लांब लांब पाठवतात! एका बाजूला सातपुड्याचं जंगल, त्यात शिकार, त्यात चामडं, त्यात सात मुडदे. संपादकांना तिथूनच फोन लावला. म्हटलं, सात मुडदे आहेत, पहिलं पान मोकळं ठेवा. ते म्हणाले, “दांडा सापडला का?” मी फोन ठेवून दिला. अशा माणसांशी काय बोलणार?

मग ठाण्यात गेलो. तिथले जमादार जुने ओळखीचे. निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे, बीपीची गोळी खिशात ठेवणारे.

“जमादार, सात मुडदे!” मी म्हणालो.

“कुठी?”

“चामड्यात!”

“चामड्यात काऊन?”

“ते मी सांगू? तपास तुमचा का माझा?”

ते पाणी प्यायले. मग म्हणाले, “प्रल्हादभाऊ, या गावात एक बकरी हारपली तरी धा जन ठाण्यात येतात. सात मानसं हारपली अन् कोनी काहीच नाही म्हनलं?”

“तेच तर! एवढी दहशत आहे!”

रागात आलो की मी पुस्तकी मराठी बोलतो. जमादारांना हे माहीत आहे. त्यांनी मुकाट्यानं टोपी घातली.

शाळेमागचं घर साधंसं, टिनाचं. ओसरीवर एक बाई बसलेली, हातात चामड्याला भोक पाडायची आरी. टोकदार! मी जमादारांना कोपरानं खूण केली. त्यांनी मला कोपरानंच गप्प केलं.

“शालूताई तुम्हीच का?” मी विचारलं.

“हाव. तुमी?”

“मी पत्रकार आहे. मुडदे कुठे आहेत?”

ती बाई बिचकली नाही, रडली नाही. आरी बाजूला ठेवून तिनं विचारलं, “कोनते पाह्यजेत? वाळलेले का ओला?”

जमादार मटकन खाटेवर बसले.

“सगळे!” मी गरजलो.

“आतमंदी हायेत, फळीवर. पन त्या सातव्याले हात नोका लावू भाऊ. आत्ताच बांधला.”

हात नोका लावू! आता मला सांगा, तीस वर्षांच्या बातमीदाराला ‘हात लावू नका’ म्हटल्यावर तो काय करणार? मी आत शिरलो. फळीवर ओळीनं सात पुडकी. सहा तपकिरी, कडक. सातवं ओलं, चिंध्यांनी करकचून बांधलेलं. हातभर लांब. लहान मूल असावं, या विचारानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. चिंध्या उपसल्या, चामडं दोन्ही हातांनी फाकवलं, आणि जोरात ओढलं.

खट्टकन फरशीवर पडली ती एक लाकडी सुरी.

सागवानाची. गुळगुळीत घासलेली, मूठ, पातं सगळं जिथल्या तिथं. फक्त धार नाही.

“हे काय आहे?” मी फरशीकडे बोट दाखवून विचारलं.

“मुडदा,” शालूताई म्हणाली.

तेवढ्यात मेणाची वडी घेऊन सुधाकर दारात आला. त्यानं खाटेवरचे जमादार पाहिले, माझ्या हातातलं लोंबतं चामडं पाहिलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं हे मला पाठ आहे. यानं फक्त चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि हळूच म्हणाला, “शालू, चामडं एवढंच होतं ना?”

“एवढंच.”

मग जमादारांनी एकेक विचारून घेतलं. बंगळुरूला एक कारागीर शिकारीच्या सुऱ्या हातानं घडवतो. शिकारीला आपल्याकडे बंदी आहे हे त्यालाही माहीत आहे. शौकीन लोक कपाटात ठेवायला घेतात. प्रत्येक सुरी वेगळी, म्हणून प्रत्येकीचं चामडी म्यानही वेगळं. तो सुरी पाठवत नाही, कागदावर माप पाठवतो. सुधाकर त्या मापाची लाकडी सुरी कोरतो. तिच्यावर ओलं चामडं दाबून बसवायचं, बांधायचं, वाळलं की तोच आकार धरतं. मग कडेनं मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायचं.

“खरं पातं ओल्या चामड्यात ठेवलं तर काळं पडते, गंजते,” सुधाकर म्हणाला. “जोडे शिवनाऱ्यापाशी कसं लाकडाच्या पायाचं कलबूत असते? तसंच हे.”

“मग कलबूत म्हणा ना! मुडदा काय म्हणता?”

शालूताई उसळली. “माह्या घरातल्या लाकडाले मी काय म्हनाव, हेबी पेपरवाल्याले इचारू का? दिसते सुरीवानी, पन जीव नाही त्याच्यात. म्हून मुडदा!”

“आणि तो लांब्या? पोटाकडून तासायचा तो?”

“हाच,” सुधाकरनं फरशीवरची सुरी उचलली. “पोटात जाड राह्यला होता. शालूनं कसाबसा बसवला होता.”

जमादार उठून जवळ आले. आता त्यांनी ते ओलं चामडं उजेडात धरलं. “प्रल्हादभाऊ, हे पाह्यलं का?”

चामड्यावर, बरोब्बर मधोमध, माझा अंगठा उमटला होता. रेघान् रेघ!

“ओलं चामडं सारं धरून ठेवते,” सुधाकर म्हणाला. “नख लागलं तरी जात नाही.”

“घ्या,” जमादार म्हणाले, “आरोपीचा ठसा भेटला. आता फिर्याद घेऊ का?”

कुणीच हसलं नाही, कारण तेव्हा गोष्ट हसण्यासारखी राहिली नव्हती. ही त्यांची पहिली मोठी ऑर्डर. शिटा शिवायचं काम सोडून दोघं या भरवशावर गावी आलेली. सात म्यानं एकाच कातड्यातून कापलेली, रंग जुळावा म्हणून. नवीन कातडं कानपूरहून यायला आठवडा. आणि पार्सल उद्या सकाळच्या गाडीनं. सहाच गेली तर बंगळुरूवाला पुन्हा विचारणार नाही, हे सुधाकरनं सांगितलं नाही. पण सहा वाळलेल्या म्यानांवरून त्याचा हात फिरत होता, त्यावरून मला कळलं.

मी म्हणालो, “माझ्यानं काय होईल ते सांगा.” आणि हे वाक्य मी तीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणालो असेन.

सुधाकरनं लांब्याचं पोट तासलं. चामडं पुन्हा भिजवलं, पुन्हा बसवलं. चिंध्या बांधल्या तर आता वळ उठतील, म्हणून हातानंच दाबून धरायचं ठरलं. दाबणार कोण? मी! बोटांची पेरं लावायची, नख नाही. “मानेपाशी आवळा भाऊ, मुठीखाली,” सुधाकर सांगायचा आणि मी आवळायचो. उन्हात ठेवता येत नाही, तडकतं. पंखा लावावा तर लाइट गेलेली. मग शालूताईनं माझ्या पिशवीतला माझाच पेपर काढला, घडी केली आणि वारा घालायला लागली.

“कामाचा हाये हो तुमचा पेपर,” ती म्हणाली.

एवढ्यात ओसरीवर गलका. ‘सुधाकरच्या घरी सात मुडदे’ ही बातमी गावभर गेलेली! हॉटेलात मी फोनवर जरा मोठ्यानं बोललो होतो, मान्य आहे. बायाबापड्या डोळ्यांना पदर लावून दारात. एक आजी तर गळाच काढायला लागली. “माय वो! कोन कोन गेलं वो?”

“कोनी नाही गेलं आजी,” आतून शालूताई ओरडली. “हे एकच आले हायेत, अन् जाऊन नाही राह्यले!”

संध्याकाळपर्यंत दाबत बसलो. हाताला मुंग्या आल्या, कंबर गेली, पण चामड्यानं आकार धरला. अंगठा मात्र गेला नाही. सुधाकरनं हाडाच्या तुकड्यानं घासघास घासला, तरी फिकट का होईना, राहिलाच.

“राहू द्या,” शेवटी तो म्हणाला. “मी त्याले खरं काय ते लिहून पाठोतो.”

“काय लिहिणार?”

“का एका शिकलेल्या मानसाचा अंगठा हाये म्हून.”

रात्री शिवून झाली, सकाळच्या गाडीनं सातही गेली. पहिल्या पानावर माझी बातमी आली नाही. आतल्या पानावर दांड्याची आली, चार ओळी, त्याही नावाशिवाय. छापून उमटला तो फक्त अंगठा!

बंगळुरूवाल्यानं सातही ठेवून घेतली. नवी बारा सांगितली, एवढंच सुधाकरनं फोनवर सांगितलं. ते ऐकून मी घरात पेढे वाटले. बायको म्हणाली, “कशाचे?” मी म्हणालो, “खून झाले नाहीत, त्याचे.”

परवा पुन्हा सोनाळ्याला गेलो. तेच हॉटेल, तीच भजी. पाठीमागे तोच आवाज.

“हाव शालू. पाच पत्रकार वाळले? बेस झालं. सहावा फुगला असन तर घास त्याले. नाहीच बसला तर मुंडकं तासून टाकू.”

मी वळून पाहिलं. सुधाकर ओशाळला. फोनवर हात ठेवून म्हणाला, “नाव बदलवलं भाऊ. मुडदा म्हनलं का पोलीस येतात. शालू म्हने, दिसते पात्यावानी, डौलबी तसाच, पन कापत काहीच नाही... मंग हेच नाव बरं.”

मी भजं उचललं, तेवढ्यात शेजारच्या बाकावरचा एक परगावचा माणूस घाईघाईनं माझ्याजवळ सरकला. माझ्या खिशातलं पेन, गळ्यातलं ओळखपत्र पाहून त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. कानाशी येऊन म्हणाला, “भाऊ, तुमी पत्रकार ना? मांगच्या दारानं पळा! पाच जन गेले तुमचे!”

मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, “बसा हो निवांत. लाकडाचे असतात ते.”