तिकीट नसलेलं स्मारक

"पहले शॉल देखिए, फिर कार्पेट," असं म्हणत सेल्समनने काचेचा दरवाजा आतून लावून घेतला, तेव्हाच मला कळलं की आपली दुपार गेली.

दिल्लीतल्या एका हस्तकला शोरूमच्या तळघरात आम्ही उभे होतो. आम्ही म्हणजे जळगावच्या एका ट्रॅव्हल कंपनीची टूर मॅनेजर मी, आणि माझ्यासोबतची बसभर माणसं. यावलकडचे केळीवाले, जामनेरचं एक शिक्षक जोडपं, बाकी धुळे-शिरपूर भागातली शेतकरी कुटुंबं. मथुरा, आग्रा झालं होतं. दिल्लीचा शेवटचा दिवस होता आणि संध्याकाळी निजामुद्दीनहून परतीची गाडी. दुपारच्या कार्यक्रमात तीन ठिकाणं होती: राष्ट्रीय युद्ध स्मारक, इंडिया गेट आणि गुरुद्वारा. तिन्ही फुकट. शोरूमचा उल्लेख कुठेही नव्हता.

परगावी टूर नेली की तिथली बस, हॉटेल, गाईड हे सगळं स्थानिक एजंट बघतो. त्याला आम्ही हँडलर म्हणतो. त्याने दिलेला गाईड होता बंटी. मी त्याला कोपऱ्यात घेतलं.

"बंटीजी, ये प्रोग्राम में नहीं है. हमें स्मारक जाना है."

"मॅडम, इंडिया गेट बस में से दिखा देंगे ना. स्मारक में है क्या? दीवारें हैं. टिकट तक नहीं लगता." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आपके लोग गाँव के हैं. उनको क्या समझेगा?"

माझे कान तापले. मीही धुळे तालुक्यातल्या गावातलीच. पण माझ्या रागाचं खरं कारण तळघरातल्या एका स्टुलावर बसलं होतं. सुमन अक्का.

अक्का शिरपूरजवळच्या खेड्यातल्या. वय सत्तरीचं, दोन्ही गुडघे गेलेले. एकट्याच आल्या होत्या. बुकिंगला आल्या तेव्हा त्यांनी मला ताजमहालाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मना भाऊनं नाव शे का तठे, ते भिंतवर?" त्यांचा मोठा भाऊ आनंदा पाटील एकाहत्तरच्या लढाईत गेला. अंत्यसंस्कार तिकडेच सीमेवर झाले. घरी फक्त त्याची पत्र्याची ट्रंक आली. गावात ना समाधी, ना दगड. पुढे कधीतरी पुतण्याने सांगितलं की दिल्लीत शहिदांची नावं कोरली आहेत. तेव्हापासून अक्कांच्या डोक्यात दिल्ली होती. "दाखवते अक्का, हात लावून बघाल," असं मीच त्यांना सांगितलं होतं.

मी जळगावला फोन लावला. आमचे मालक, त्यांना सगळे शेठ म्हणतात.

"शेठ, हँडलरने आपल्याला शोरूममध्ये आणून कोंडलंय. स्मारक राहतंय."

ते म्हणाले, "ताई, ॲडजस्ट करा ना. बोलणं झालंय माझं त्याच्याशी."

"काय बोलणं झालंय?"

"अहो, शॉपिंग स्टॉपवर त्याला दुकानाचं कमिशन मिळतं, म्हणून तर त्याने बस स्वस्तात दिली. लोकांना शाली बघू द्या. फुकटचं ठिकाण आहे ते, राहिलं तर कोणी रिफंड मागत नाही."

बंटीचं वागणं समजण्यासारखं होतं, तो परका माणूस. पण हे माझ्या कंपनीने ठरवून केलं होतं. ज्या कार्यक्रमाच्या जोरावर मी अक्कांना घराबाहेर काढलं, तो छापतानाच त्यातली ही दुपार विकून झाली होती. आणि मला, जी लोकांसमोर उभी राहणार तिला, कोणी सांगायचीही तसदी घेतली नव्हती.

"शेठ, लोकांना मी खोटं सांगणार नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

टूर मॅनेजरला पहिल्या दिवशी शिकवतात की कंपनीची भानगड पॅक्ससमोर उघडी करायची नाही. पॅक्स म्हणजे प्रवासी. आमच्या धंद्यात माणसांना तसंच म्हणतात. मी शालींच्या ढिगासमोर उभी राहिले आणि सरळ सांगितलं, "आपल्याला इथे आणणं कार्यक्रमात नव्हतं. आपण इथेच बसलो तर स्मारक होणार नाही. ड्रायव्हर बंटीच्या शब्दाशिवाय बस हलवणार नाही, आणि सामान बसमध्ये आहे. काय करायचं ते तुम्ही सांगा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. अक्कांनी काठी उचलली आणि दाराकडे निघाल्या.

"अक्का, कुठे?"

"पायी जास. इचारत इचारत जास."

तेव्हा यावलचे भास्कर नाना उठले. मोठे बागायतदार, आवाज पहाडी. आग्र्यापासून त्यांनीच अक्कांची पिशवी उचलली होती. त्यांनी अक्कांना परत बसवलं आणि सगळ्यांकडे वळले. "कोणी कशाला हात लावायचा नाही. एक रुमाल घ्यायचा नाही. बसा सगळे खाली. जेवण झालंय का कोणाचं? नाही ना? काढा मग डबे."

खाली गालिच्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी अंथरलेल्या होत्या. आमची माणसं त्यांवर मांडी घालून बसली. दशम्या निघाल्या, शेंगदाण्याची चटणी निघाली, लोणच्याच्या बरण्या निघाल्या. शिक्षिकाबाईंनी कांदा बुक्कीने फोडला. काश्मिरी शालींच्या त्या थंडगार तळघरात लसणाचा असा वास सुटला की सेल्समन हातातली शाल तशीच धरून बघत राहिला.

मॅनेजर धावत आला. "अरे मॅडम, ये क्या है? यहाँ खाना अलाउड नहीं है!"

"हमारा खाने का टाइम है," मी म्हटलं. "बस चलेगी तो बस में खाएँगे."

"दस मिनट में फॉरेनर्स का ग्रुप आ रहा है!"

"आने दीजिए," नाना त्यांच्या हिंदीत म्हणाले. "उनको भी चटणी देंगे."

मॅनेजर बंटीवर ओरडला. बंटीने हँडलरला फोन लावला. हँडलरने शेठना. शेठनी मला, तो मी उचलला नाही. शेवटी मॅनेजरनेच हात जोडले आणि बंटीला म्हणाला, "ले जा भाई, जहाँ जाना है ले जा." चादरीवर तेलाचा एक डाग राहिला. त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही.

गुरुद्वारा सोडावा लागला. वेळच उरला नव्हता. कोणी कुरकुर केली नाही.

स्मारकात गोलाकार भिंती आहेत आणि दगडादगडावर नावं. बाहेर स्क्रीन आहे, त्यावर नाव टाकलं की कोणत्या भिंतीवर आहे ते कळतं. आनंदा नावाचे दोन पाटील निघाले. अक्कांना भावाची पलटण माहीत होती, त्यामुळे लगेच जुळलं. एका जवानाने वाट दाखवली. नाना आणि मी अक्कांना दोन्ही बाजूंनी धरून नेलं.

नाव खांद्याच्या उंचीवर होतं. अक्कांना वाचता येत नाही. मी त्यांचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं.

"वाच माय. मोठाघाई वाच."

मी मोठ्याने वाचलं. अक्कांनी पुन्हा वाचायला लावलं. मग तळहात दगडावर सपाट ठेवला. दगड उन्हाने तापलेला होता, तरी त्यांनी हात काढला नाही.

"आनंदा," त्या म्हणाल्या, रोज बोलत असल्यासारख्या, "माय गयी. बाबा गया. घर नवं बांधं. मी शे आजून."

मागे आमची सगळी माणसं उभी होती. पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. बंटीही आला होता. मी त्याला काही ऐकवलं नाही. ऐकवायचं होतं, पण ती जागा नव्हती.

गाडी मिळाली. धावतपळत, पण मिळाली.

जळगावला पोचल्यावर शेठनी केबिनमध्ये बोलावलं. "ताई, तुमच्यामुळे आपला हँडलर तुटला. इतक्या वर्षांची रिलेशन आहेत. क्लायंट असा दुखवतात का?"

"शेठ, क्लायंट कोण? हँडलर की सुमन अक्का?"

"उगाच इमोशनल होऊ नका."

दिल्लीची टूर मला परत मिळाली नाही. काही महिने बुकिंग काउंटरवर बसवलं, मग मीच सोडलं. आता धुळ्याहून स्वतःच्या टूर काढते, छोट्या. राग मात्र गेलेला नाही. आनंदाच्या भिंतीला तिकीट नाही, म्हणून तिच्यावर कमिशन नाही, म्हणून ती कार्यक्रमातून पहिली गळते. हे फक्त आमच्या कंपनीत चालतं असं समजू नका.

म्हणून टूर बुक करताना एवढं करा. कार्यक्रमात जिथे तिकीट नाही अशा प्रत्येक ठिकाणावर बोट ठेवा आणि विचारा, "इथे खाली उतरवणार का, आणि किती वेळ?" समोरचा हसून "हो हो, बघू ना" म्हणाला, तर दुसऱ्या दुकानात जा.