लाकडी विहीर आणि माझा पाळणा

जत्रेत काम केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. गोखरू जसं धोतराला चिकटतं, तसे ते आपोआप चिकटतात. घरी येऊन बसलं की एकेक निघतो. माझे बरेचसे एकाच माणसापायी चिकटलेत, त्याचं नाव यासीन.

मी नशिराबादचा भिका. जळगावच्या नानांच्या मंडळीत पाळण्यावर होतो. नाना आमचे मालक. हिवाळा लागला की खानदेशातल्या जत्रा धरत आमच्या बैलगाड्या निघायच्या. पाळणा लाकडी, चार झोपाळ्यांचा, हाताने ढकलायचा. तेव्हा जत्रेत त्याच्याहून उंच काही नसायचं. पोरीबाळी वर गेल्या की किंचाळायच्या, आणि खाली मला वाटायचं, ही बठ्ठी, सगळीच्या सगळी जत्रा मीच फिरवतोय.

मग नानांनी धुळ्याहून यासीनला आणलं.

*

यासीन मोटार दुरुस्त करणारा. त्याच्याकडे एक जुनी फटफटी होती. नानांनी फळ्यांची गोल, उंच विहीर उभी केली. लोक जिन्याने वर चढून कठड्यावरून आत वाकायचे, आणि यासीन आतल्या उभ्या भिंतीवरून फटफटी पळवायचा. त्याची बायको जैतूनबी दाराशी तिकिटं फाडायची.

सोनगीरच्या जत्रेत पहिला खेळ लागला आणि माझे झोपाळे ओस पडले. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्याकडे रांग. मी फुललो. लोक म्हणायचे, "वर गेल्यावर जरा थांबव." मी थांबवायचो. नानांनीही पाठ थोपटली.

संध्याकाळी जैतूनबी आली. हसत म्हणाली, "भिकाभाऊ, पाळणा तुमचा, पण लोकांचे डोळे आमच्या विहिरीत."

मी मान वर केली. वरच्या झोपाळ्यातले चौघेही माझ्याकडे पाठ करून, माना लांब करून, विहिरीत फुकट बघत होते.

*

जळायचो मी एकटाच नव्हे. आमच्यात त्र्यंबक मास्तर जादूगार होते. त्यांचा गाजलेला खेळ म्हणजे टेबलावरचं बोलतं मुंडकं. मुंडकं त्यांच्या बायकोचं, गंगूबाईचं. लोक प्रश्न विचारायचे, ती तोंडाला येईल ते फाडकन सांगायची आणि तंबू हसून लोळायचा. मास्तर बाजूला कोट घालून उभे. त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे.

हे त्यांच्या मनाला लागलं. एरंडोलला ते म्हणाले, "आज मुंडकं मी होणार." गंगूबाईने त्यांचा कोट अंगात चढवला आणि बाजूला उभी राहिली.

पडदा उघडला. टेबलावर मास्तरांचं मिशीवालं डोकं. एकही प्रश्न येईना. मग पुढे बसलेला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुम्ही धडासंगेच बरा दिसतस."

*

माझी बायको केसर सगळ्या मंडळींच्या भाकरी थापायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, हंगामात वांग्याचं भरीत. एकदा माझ्या लक्षात आलं की यासीनच्या ताटात पातळ, पापुद्रा सुटलेली भाकरी पडते आणि माझ्या ताटात जाड. चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी विचारलंच.

ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "तो रोज मराले चढस. तुम्ही नुसता गोल फिरावतस."

ती भाकरी मी ताटात तशीच टाकून उठलो. दुसऱ्या दिवशी एका गड्याला ढकलायला लावलं आणि पाळणा भरधाव असताना मी चाकाच्या लाकडी आरीवरून चढत चढत पार टोकाला गेलो आणि एका पायावर उभा राहिलो. खाली हीऽ गर्दी. विहिरीच्या कठड्यावरचे लोकसुद्धा माझ्याकडे वळले. यासीनने फटफटी थांबवली असावी, कारण आवाज बंद झाला. गर्दीत पुढे केसर उभी होती, पदर तोंडाला लावून. मला वाटलं, आज हिचा जीव खालीवर झाला.

तिने पदर काढला आणि म्हणाली, "उतरा खाले. धोतर सुटनं."

*

खरं सांगायचं तर जैतूनबीचं दुखणं माझ्याहून मोठं होतं. यासीन फटफटीला "रानी" म्हणायचा. सकाळी उठून आधी तिला पुसायचा, मग स्वतःचं तोंड धुवायचा. जैतूनबी म्हणायची, "सवत बोलणारी असती तर निदान भांडता आलं असतं."

एकदा चाक घसरलं आणि यासीन विहिरीच्या तळाशी आपटला. हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटला. आम्ही सगळे आत धावलो. जैतूनबी हळद आणि ओली चिंधी घेऊन आली, रडत रडत. त्याने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "रानीला तर लागलं नाही?"

जैतूनबीचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. ती उठली, फटफटीच्या दिव्यावर हळद लावली, वरून चिंधी घट्ट बांधली, आणि निघून गेली.

*

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं. विहीर बंद. मनातल्या मनात मी देवाला नारळ बोललो. नानांनी यासीनला माझ्या हाताखाली दिलं. धुळ्याला पांझरेच्या काठी देवीची जत्रा भरली होती, त्याचंच गाव. एका बाजूने मी ढकलायचो, दुसऱ्या बाजूने तो. दुपारपर्यंत त्याच्या तळहातांना फोड आले. मला बरं वाटलं.

पण धुळ्याचे लोक त्याला ओळखायचे. "अरे, फटफटीवाला यासीन पाळणा ढकली राहिना," असं म्हणत लोंढेच्या लोंढे आले. अन् ज्याला त्याला त्याच्याच बाजूने चढायचं. माझ्या बाजूने एक आजीबाई आल्या. मी हात धरून त्यांना झोपाळ्यात बसवायला लागलो, तर म्हणाल्या, "तू ऱ्हाऊ दे रे भाऊ. त्याले बलाव."

*

आता शेवटचा सांगतो.

लढाई संपली, पेट्रोल आलं, विहीर पुन्हा लागली. त्या साली आम्ही नशिराबादला उतरलो. माझं गाव. माझे वडील, आबा, तिथे वावर कसायचे. मी नांगर सोडून पाळणा धरला तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर ते फेटा बांधून, काठी टेकत आले. पाळण्यावरून सरळ पुढे गेले आणि विहिरीचा जिना चढले.

खेळ संपेपर्यंत माझं लक्ष त्या कठड्यावर. आबा एकदाही हलले नाहीत. खेळ संपल्यावर ते खाली उतरले, यासीनपाशी गेले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी बोलले. यासीनने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. माझ्या हातून पाळण्याचा दांडा सुटला. बाप माझा, हात त्याच्या डोक्यावर.

मग आबा माझ्याकडे आले. काठी माझ्या हातात दिली आणि झोपाळ्यात बसले. मी फिरवायला लागलो. एक फेरी संपली, दुसरी झाली, लोक खोळंबले.

मी म्हणालो, "आबा, उतरता का?"

वरून आवाज आला, "फिराव. मन्हं वावर अजून दिसनं नही."

आमचं वावर गावाला लागूनच होतं. वर गेलं की पहिलं तेच दिसायचं.

मी फिरवत राहिलो. तिकडे विहिरीवर गर्दी जमली होती, जैतूनबी घंटा बडवत होती. यासीन मात्र माझ्याशेजारी येऊन उभा. बराच वेळ तो आबांचा झोपाळा वर जाताना, खाली येताना बघत राहिला. जैतूनबीने दोनदा हाक मारली.

"भिकाभाऊ," तो म्हणाला, "तुम्ही त्यांच्याजवळ बसा. मी ढकलतो."

"तुझा खेळ?"

"थांबतील लोक."

मी बसलो. आबा जरा सरकले. वर गेल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं आणि वावराकडे बोट केलं. कपाशी फुटली होती. मी खाली पाहिलं. यासीन दोन्ही हातांनी पाळणा ढकलत होता आणि आम्हा बापलेकांकडे एकदाही मान वर करून बघत नव्हता.