फडकं बांधलेली घंटा

मुलांनो, संस्थेतून आणलेला कुत्रा चावरा निघाला, परत द्यावा का, असं काल फोनवर विचारलंत. सल्ला देण्याऐवजी इथे बालाजी घाटाजवळ आमच्या शेजारी राहणाऱ्या गुरुजींबद्दल लिहिते.

गुरुजी एका जागी कधी बसले नाहीत. जपसुद्धा येरझाऱ्या घालत करायचे. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी आणि सगळंच रागावल्यासारखं. त्यांनी भटक्या कुत्र्यांच्या आश्रयघरातून एक काळा कुत्रा आणला. आधीच्या दोन घरांनी तो परत केला होता. जवळ घंटा वाजली की तो बेभान होऊन अंगावर धावायचा, आणि आला नेमका रोज पूजा करणाऱ्याच्या घरी! आरतीची वेळ झाली की भिंतीअलीकडे मी हातातलं काम थांबवून कानोसा घ्यायचे.

एकदा आरती चालू असतानाच तो गुरुजींच्या हाताला कडकडून चावला. आश्रयघराची माणसं पिंजरा घेऊन आली. पट्टी बांधलेला हात चौकटीवर आडवा धरून गुरुजी दारातच उभे राहिले. ओरडले, "हम नहीं देंगे! गलती घंटी की है!"

माणसं गेल्यावर त्यांनी घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळलं.

मी म्हटलं, "गुरुजी, मुकी घंटा देवाला ऐकू कशी येणार?"

"देव घेईल सांभाळून, वहिनी. याला वेळ लागेल."

पुढे येरझाऱ्या गुरुजी आणि कुत्रा दोघं मिळून घालू लागले.

कुत्रा पुढे म्हातारपणाने गेला. गुरुजी अजून रोज आरती करतात, आणि घंटेचं फडकं अजून तसंच आहे.