बकरीसकट भाग सहावा

टायटलमामांनी उभ्या जन्मात एकही मालिका पाहिली नाही, आणि महाड-पोलादपूर पट्ट्यात मालिकांबद्दल त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. दोन्ही वाक्यं खरी आहेत. मी एसटीत कंडक्टर होतो, आणि कंडक्टर ‘पुढे जागा आहे’ एवढं एकच खोटं बोलतो. शीर्षकसंगीत सुरू झालं की मामा डोळे मिटायचे. ते संपून पहिलं पात्र तोंड उघडणार, तेवढ्यात टीव्ही बंद! “गोष्टी काय, घराघरात चालू असतात रे मास्तर,” मला म्हणायचे. “त्यांच्या आधी जे वाजतं ना, ते घरात नसतं.”

महाडच्या बाजारपेठेत त्यांचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान होतं. आज त्या जागी मोबाईलची कव्हरं लटकतात, आणि मामांना जाऊनही बरीच वर्षं झाली. पण तेव्हा मालिकांचं संगीत हवं असेल तर अख्ख्या तालुक्यात तेच एक ठिकाण. ‘मालिका-संगीत, भाग पहिला’, ‘भाग दुसरा’ असं करत मामांनी कॅसेटींची रांग लावली होती. एका बाजूला शीर्षकं. दुसऱ्या बाजूला, मामांच्या भाषेत, ‘मधलं’. आतल्या कार्डावर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात यादी असायची: ‘पत्र वाचून रडण्याचं’, ‘दार उघडल्यावर कुणीच नसल्याचं’, ‘सासू जिना उतरतानाचं (दोन प्रकार)’. यातला दुसरा प्रकार एका सुनेनं खरोखरच्या सासूवर लावला. म्हातारी त्या घरात पुन्हा माळ्यावर चढली नाही, धान्यसुद्धा खालीच ठेवायला लागली.

महाडभोवती डोंगरच डोंगर, त्यामुळे बाजारात टीव्हीवर चित्र कमी आणि मुंग्या जास्त. म्हणून दर रविवारी सकाळी आम्ही पोलादपूरवरच्या धनगरवाडीत चढायचो. मामांच्या डोक्यावर छोटा टीव्ही, माझ्या खांद्यावर ट्रकची बॅटरी. माझा उजवा खांदा आजही डाव्यापेक्षा चार बोटं खाली आहे, हवं तर मोजून घ्या. कोंडीबा धनगराच्या ओट्यावर टीव्ही, त्याच्या तोंडाशी टेपरेकॉर्डर, आणि अँटेना धरून मी छपरावर. मामांनी हात वर केला की दीड मिनिट वाडीनं श्वास घ्यायचा नाही. कशेडी घाटातले ट्रकसुद्धा तेव्हा न्यूट्रलवर उतरायचे.

माणसं गप्प बसायची. बकरी कशाला बसेल? भाग सहावा भरताना एका शीर्षकात सनई थांबते आणि तबला सुरू व्हायचा असतो, नेमक्या त्या फटीत कोंडीबाची बकरी ओरडली. पाठोपाठ कोंडीबाची बायको ठकूबाई ओट्यावरून चालत आली. जोडव्यांचा आवाज, आणि वर: “झालं का तुमचं? दूध उतू जातंय हितं!”

मामांना फार लाज वाटली. पण भाग सहावा भाकरीसारखा घराघरात गेला. लोकांना ती चाल बकरीसकटच पाठ झाली. लग्नात बँडवाले ती वाजवायचे तेव्हा क्लॅरिनेटवाला त्या जागी इमानानं “बँऽऽ” काढायचा. पुढे मुंबईहून एका कंपनीची गुळगुळीत कॅसेट आली, तर पाचाडच्या एका हॉटेलवाल्यानं ती परत केली. “यात बकरी नाय. डुप्लिकेट हाय.”

हे ऐकून मामा आतून जळायचे. महाडात केबल आली, तिच्यावर जुन्या मालिका पुन्हा लागू लागल्या, तशी त्यांनी टीव्हीतून थेट टेपरेकॉर्डरला वायर जोडली आणि शीर्षकं पुन्हा भरली. काचेसारखा आवाज! मग दुकानावर पाटी लावली: ‘जुन्या कॅसेटी आणा, धुऊन मिळतील.’ गावानं कपडे टाकावेत तशा कॅसेटी आणून टाकल्या. कोंडीबाची लेक रखमा पाचाडखाली दिली होती. तिच्या घरची कॅसेट मीच गाडीतून आणली, मीच परत पोचवली.

पुढच्या बाजारच्या दिवशी रखमा दुकानात उभी.

“मामा, ह्ये काय केलंत?”

“स्वच्छ झाली ना गो?”

“झाली. पण आता यात आमचं घर नाय.” तिनं कॅसेट काउंटरवर ठेवली. “समदी शेतावर गेली की लावायची मी. तेवढ्यात माहेरी जाऊन यायची. घरच्यांनी पाठवली धुवायला, मला इचारलं नाय.”

मामांनी मूळ कॅसेट तर सगळ्यात आधी पुसली होती. त्या दिवशी दुकान उघडं टाकून ते गावभर फिरले. एखादी तरी न धुतलेली? बँडवाला म्हणाला, “तुमीच तर धुतलीत!”

रविवारी आम्ही पुन्हा डोंगर चढलो. मामांनी आधी एका टेपवर चाल लावली आणि बकरीसमोर दुसरा टेपरेकॉर्डर धरला. ती त्या बकरीची नात होती, ढिम्म उभी राहिली. मग कोंडीबा स्वतः ओरडला, पण तो कोंडीबासारखाच वाटला. शेवटी मामांनी चाल बंद केली. टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवून म्हणाले, “आज कोणी गप्प बसायचं नाय. कामं करा, भांडा, काय वाटेल ते करा.” कॅसेट दोन्ही बाजूंनी भरली. संगीताचा एक सूर नाही. आम्ही ठकूबाईच्या हातची भाकरी खाऊन खाली उतरलो. दुकानात मामांनी ती तीनदा ऐकून तपासली, आणि कार्डावर लिहिलं: ‘भाग सहावा’.

रखमानं ती दुकानातच लावायला सांगितली. बाजाराची पिशवी हातात घेऊन ती उभ्या उभ्या ऐकत राहिली. शेळ्यांना हाकारणं आलं, ठकूबाईच्या शिव्या आल्या, ती हसली. मामांचा जीव भांड्यात पडला. आणि एकाएकी तिचं हसू गेलं.

“आयच्या पायाला काय झालंय?”

“कुठं काय?” मामा म्हणाले. “आम्ही दिवसभर होतो की तिथं.”

“मागं घ्या. ऐका. एक पाय टेकतोय, दुसरा घासतोय.”

मामांनी कॅसेट मागं घेतली. एक जोडवं फरशीवर ‘टक्’ वाजत होतं, दुसरं खरवडत येत होतं. मी ठकूबाईसमोर मांडी घालून जेवलो होतो. मामांनी तीनदा ऐकलं होतं, ज्यांना सनईतला श्वास ऐकू यायचा त्यांनी!

“पडली असंल. सांगायची नाय ती,” रखमा म्हणाली आणि पिशवी माझ्याकडे दिली. “मास्तर, ही पाचाडच्या गाडीनं घरी पोचवा. इचारलं तर सांगा, आयकडं गेली.” पोलादपूरची गाडी लागली होती. ती पदर खोचून धावत सुटली.

मशीनमध्ये कॅसेट फिरतच होती. मी ती काढली आणि म्हणालो, “मामा, विसरली. देऊन येतो पटकन.”

मामांनी ती माझ्या हातातून घेतली.

“राहू दे रे,” ते म्हणाले. “आता कशाला लागतेय तिला?”